गिंझातलं हॉटेल: खोलीचं माप, बेडची रुंदी, नाश्ता आणि बॅगा

खिडकीची_जागा
जपानवर इथे धागे पुष्कळ आहेत, पण ते सगळे फिरण्याचे. हॉटेलचा प्रश्न प्रत्येक धाग्यात मध्येच येतो आणि पन्नास प्रतिसादांखाली गाडला जातो. म्हणून हा वेगळा धागा. डोळ्यापुढे टोकियोचा गिंझा भाग ठेवून लिहितो. हॉटेलं बिझनेस हॉटेलच्या वरची आणि पंचतारांकितच्या खालची, म्हणजे मित्सुई गार्डन, सेलेस्टीन, सोलारिया, हयात सेंट्रिक, मुजी हॉटेल या पट्ट्यातली. दोघांना एका रात्रीचे साधारण 25 ते 45 हजार येन. शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री सर्वात महाग, रविवारी रात्री बहुधा स्वस्त. एप्रिलअखेर ते 5 मे, ऑगस्टचा मध्य, साकुराचे (चेरीच्या फुलांचे) दिवस आणि नवीन वर्ष यांना कुठलाच हिशोब लागू नाही.

बुकिंग करताना फोटो बघू नका, आकडे बघा. फोटो वाइड अँगलने काढलेले असतात. खोलीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं, त्याला 10.76 ने गुणा. 15 चौ.मी. म्हणजे 161 चौ. फूट, आणि त्यात बाथरूम व दारातला बोळही धरलेला आहे. अशा खोलीत 28 इंची बॅग एका वेळी एकच उघडते, तीही बेड आणि भिंतीच्या मधल्या वाटेत. दोन मोठ्या बॅगा असतील तर 22 च्या खाली जाऊ नका. 25 ला माणसासारखं राहता येतं.

दुसरा आकडा बेडची रुंदी. जपानी हॉटेलं ती सेंटिमीटरमध्ये देतात. सेमी-डबल 120, डबल 140, क्वीन 160, किंग 180. सेमी-डबल म्हणजे आपला चार फुटी पलंग, आणि तो 'दोन व्यक्तींसाठी' म्हणून विकतात. ट्विनमध्ये दोन सुटे बेड, बहुतेक 100 ते 120 चे. 'हॉलीवूड ट्विन' म्हणजे तेच दोन बेड एकमेकांना चिकटवून.

तिसरा आकडा माणसांचा. भाडं खोलीचं असलं तरी ते माणसांवर बदलतं. एकासाठी बुक करून दोघं गेलात तर काउंटरवर फरक भरावा लागतो, खोली एकाचीच असेल तर दुसऱ्या माणसाला प्रवेशही नाकारतात. गयावया करून काही होत नाही. काउंटरवरचा माणूस चारदा वाकून माफी मागेल आणि पाचव्यांदाही नाहीच म्हणेल.

वरणफळ
उत्तम धागा. दोन मोठे, एक आठ वर्षांचा मुलगा. शुद्ध शाकाहारी, अंडं चालतं. चार रात्री. तीन बेडची खोली गिंझात मिळते का?

तोझाई_लाईन
मिळते, पण मोजकी. ट्रिपल खोल्या प्रत्येक हॉटेलात थोड्याच असतात आणि आधी संपतात. तिथे आधी 'सोइने' हा शब्द बघा. मूल आई-वडिलांच्याच बेडवर, वेगळं अंथरूण न घेता झोपणार, असा त्याचा अर्थ. बहुतेक ठिकाणी शाळेपूर्वीचं मूल सोइनेत फुकट, काही ठिकाणी प्राथमिक शाळा संपेपर्यंत. हे हॉटेलागणिक बदलतं आणि हॉटेलच्या स्वतःच्या साईटवर लहान अक्षरांत लिहिलेलं असतं. आठ वर्षांचा मुलगा एका हॉटेलात फुकट आणि शेजारच्यात पूर्ण माणूस धरला जाऊ शकतो. सोइने फुकट असलं तरी नाश्ता फुकट नसतो. आणि बुकिंगमध्ये मुलाचं वय घालाच. ते लिहिलं नाही तर तो त्या खोलीत नाही असंच धरलं जातं.

सोइने चालणार असेल तर डबल घेऊ नका, हॉलीवूड ट्विन घ्या. 110 चे दोन जोडले की 220 सेंटिमीटर होतात, त्यात तिघं नीट मावतात. मधल्या फटीत टॉवेलची गुंडाळी घालायची.

चौघं असाल आणि स्वयंपाक करायचा असेल तर साधं हॉटेल सोडून अपार्टमेंट हॉटेल बघा. मिमारू या साखळीचं 'टोकियो गिंझा ईस्ट' आहे. चार-पाच जणांच्या खोल्या, चूल, भांडी, मोठा फ्रीज. नाश्त्याचं काय ते वेगळं लिहीन, ते प्रकरण मोठं आहे.

अर्धाकप
सेमी-डबलवर एवढा राग नको. दोघं सडपातळ असतील आणि दोनच रात्री असतील तर वाचलेल्या पैशांत एक चांगलं जेवण होतं.

खिडकीची_जागा
अर्धाकप, बेड 120 चा असला की खोलीही बहुतेक 14-15 चौ.मी.ची असते आणि बेडची एक बाजू भिंतीला टेकलेली. भिंतीकडच्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून. जेवण रद्द करा, ट्विन घ्या.

शून्य_सामान
पोचण्याबद्दल. गिंझा स्टेशनवर तीन मेट्रो लाइन आहेत: गिंझा, मारुनोउची, हिबिया. पण विमानतळावरून येताना त्या कामाच्या नाहीत. तुम्हाला हवी असाकुसा लाइन, ती हिगाशी-गिंझाला थांबते आणि केइक्यू व केइसेई या खासगी रेल्वेंशी जोडून एकच गाडी हानेदा आणि नारिता दोन्हीकडे जाते. हानेदाहून अर्ध्या तासाच्या जरा वर, नारिताहून 'अ‍ॅक्सेस एक्स्प्रेस'ने तासभर.

गोची इथे होते: हानेदाहून सुटणारी 'एअरपोर्ट काइतोकु' ही सर्वात वेगवान गाडी हिगाशी-गिंझाला थांबतच नाही. शिंबाशीला उतरा. गिंझाच्या 7-8 चोमेतलं (चोमे म्हणजे पत्त्यातला पोटविभाग) हॉटेल असेल तर शिंबाशीच जवळ पडतं. पत्त्यातला चोमे 1 ते 8, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतो. 1 चोमे क्योबाशीच्या बाजूला, 8 शिंबाशीच्या. हॉटेल कोणत्या चोमेत आहे ते बघून स्टेशन ठरवा, 'गिंझा' नाव बघून नाही.

बॅगा असतील तर लिफ्ट असलेला एक्झिट आधीच शोधून ठेवा. सगळ्या एक्झिटना लिफ्ट नसते, चुकीचा निवडला की जिने चढा.

रस्त्यावर हॉटेलचं दार दिसलं नाही तर घाबरू नका. जमीन महाग, त्यामुळे खाली दुकान आणि लॉबी वर. मित्सुई गार्डन गिंझा प्रीमियरची लॉबी 16 व्या मजल्यावर, मुजी हॉटेलची 6 व्या. खालच्या मजल्यावर फक्त एक लिफ्ट आणि छोटी पाटी. तळमजल्याला 1 म्हणतात, आपला पहिला तो त्यांचा 2.

शनिवार-रविवार आणि सुट्टीला चुओ-दोरी हा मुख्य रस्ता दुपारी 12 पासून गाड्यांना बंद असतो. एप्रिल ते सप्टेंबर 6 पर्यंत, ऑक्टोबर ते मार्च 5 पर्यंत. टॅक्सी त्या रस्त्यावर येणार नाही, मागच्या गल्लीत सोडेल.

वरणफळ
चेक-इन तीनला, विमान सकाळी सहाला. मग?

शून्य_सामान
बॅगा लॉबीत ठेवून बाहेर पडा, त्याचे पैसे नाहीत. खोली तीनच्या आधी हवी तर तासाला काही हजार येन, तेही खोली रिकामी असेल तर. चेक-आउट 11 ला म्हणजे 11 लाच, 11:20 झाले की फोन येतो. काउंटरवर पासपोर्टची फोटोकॉपी काढतात, जपानात पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी तो कायदा आहे. बरोबरच्या प्रत्येकाचा पासपोर्ट हवा, मुलाचाही. टीप द्यायची नाही. टेबलावर पैसे ठेवलेत तर विसरले म्हणून परत आणून देतील.

कोपऱ्यातली_खुर्ची
बाथरूम. या पट्ट्यातल्या हॉटेलात दोन प्रकार. एक 'युनिट बाथ': टब, बेसिन, कमोड सगळं एका साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. हा प्रकार 1964 च्या ऑलिंपिकसाठी न्यू ओतानी हॉटेल घाईत बांधताना निघाला. एकेक फरशी बसवायला वेळ नव्हता म्हणून बाथरूमच कारखान्यात बनवून आणली. यात शॉवरचा पडदा टबच्या आत सोडायचा. बाहेर राहिला की कमोडपाशी तळं. दुसरा प्रकार 'वेगळं बाथ', म्हणजे टबच्या बाहेर अंग धुवायला मोरी. आपल्या लोकांना हाच मानवतो, स्टूल आणि छोटी बादलीसुद्धा असते. खोलीच्या वर्णनात 'बाथ आणि टॉयलेट स्वतंत्र' असं शोधा, भाड्यात थोडाच फरक पडतो.

नळाच्या दोन टोकांना दोन चकत्या असतात. एक तापमानाची, तिच्यावर लाल बटण. 40 अंशांपुढे ते बटण दाबल्याशिवाय चकती फिरत नाही. 'गरम पाणीच येत नाही' ही तक्रार निम्म्या वेळा यामुळेच असते. दुसरी चकती पाणी नळातून की शॉवरमधून ते ठरवते. हात लावण्याआधी ती कुठे आहे बघा, नाहीतर कपड्यांसकट अंघोळ.

कमोडला पाण्याचा फवारा असतोच, तेव्हा मग्गा नेऊ नका. 'ओशिरी' मागचा, 'बिदे' पुढचा, 止 हे चिन्ह थांबवण्याचं. माणूस बसल्याशिवाय फवारा चालत नाही, त्यामुळे उभं राहून बटणं दाबून 'बिघडलंय' म्हणू नका. टॉयलेट पेपर कमोडमध्येच टाकायचा, कचऱ्याच्या डब्यात नाही.

मोठं सार्वजनिक स्नानगृह असेल तर पोहण्याचा पोशाख चालत नाही. आधी बसून अंग धुवायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. वेळ '15 ते 25' लिहिली असेल तर 25 म्हणजे रात्री 1. टॅटूला बंदी बऱ्याच ठिकाणी आहे. ताजी मेंदी लांबून टॅटूसारखी दिसते, काउंटरवर आधीच सांगितलं की प्रश्न मिटतो. हॉटेलचा युकाता (सुती झगा) घालताना डावी बाजू वर. उजवी वर मृतदेहाला असते.

तोझाई_लाईन
आता नाश्ता. वरणफळ, तुम्ही लक्ष देऊन वाचा.

बुफेला जपानीत 'बाइकिंगु' म्हणतात. 1958 मध्ये गिंझाला लागूनच असलेल्या इंपीरियल हॉटेलने बुफे सुरू केला तेव्हा त्याला 'व्हायकिंग' नाव दिलं, तेच भाषेत रुजलं. माणशी 2,500 ते 4,500 येन. शाकाहारी माणसाला एवढ्या पैशांत काय उरतं ते बघा.

अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेल्या कात्सुओ माशाचं पाणी, आणि ते आपल्या फोडणीसारखं सगळीकडे असतं. मिसो सूप, शिजवलेला भोपळा आणि मुळा, तोफूवरचा रस, अंड्याची गोडसर गुंडाळी, सगळ्यात. नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) शाकाहारी, पण त्याबरोबरची सॉसची पुडी माशाच्या अर्काची, ती बाजूला ठेवून साधा सोयासॉस घाला. चवदार नोरीला (समुद्री शेवाळाच्या पातळ कागदाला) कोळंबीचा अर्क असू शकतो, साधी भाजलेली नोरी घ्या. लोणच्यांतही कात्सुओ घालतात. भाज्यांची दिसणारी करी गाय किंवा डुकराच्या चरबीत बांधलेली असते. पुडिंग-जेलीत जिलेटिन.

पदार्थांसमोरची अ‍ॅलर्जीची चित्रं बघून निर्णय घेऊ नका. सक्तीच्या यादीत अंडं, दूध, गहू, बकव्हीट (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड असे पदार्थ आहेत. कात्सुओ त्या यादीत नाही आणि ऐच्छिक यादीतही नाही. म्हणजे चित्राशिवायचा पदार्थ तुमच्यासाठी सुरक्षित आहे असा अर्थ होत नाही.

'व्हेजिटेरियन' एवढंच सांगितलंत तर मांस काढतील, दाशी राहील. नेमकं सांगा: 'निकु मो साकाना मो कात्सुओ-दाशी मो ताबेमासेन', म्हणजे मांस, मासा, कात्सुओची दाशी काहीच खात नाही. हे बुकिंगच्या ईमेलमध्ये आठवडाभर आधी लिहा. ऐनवेळी सांगितलं तर आचारी वेगळं काही करत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. बुफेचा माल आदल्या दिवशीच तयार असतो. कांदा-लसूणही नको असेल तर बुफे विसरा.

खात्रीने उरतं ते: भात, उमेबोशी हे आंबट-खारट फळाचं लोणचं (घटक विचारून), सॅलड तेल-व्हिनेगरसह, फळं, दही, ऑम्लेट समोर करून देत असतील तर. ब्रेडमध्ये लार्ड (डुकराची चरबी) असू शकतं, विचारा. माझं मत: तुम्ही नाश्त्याशिवायचा दर घ्या.

अर्धाकप
इथे मात्र मी तोझाई_लाईन यांच्याशी असहमत. अंडं खाणाऱ्या माणसाला ऑम्लेट, ब्रेड, फळं, दही, कॉफी एवढं पुरतं. लहान मूल बरोबर असताना सकाळी दुकान शोधत फिरण्यापेक्षा ते बरं.

तोझाई_लाईन
तिघांचे मिळून दिवसाला आठ-दहा हजार येन, त्यात ऑम्लेट आणि ब्रेड. मिळतं म्हणजे परवडतं असं नाही.

रात्रीसाठी पर्याय: हिगाशी-गिंझाला काबुकीझा नाट्यगृहाजवळ नायर्स आहे, 1949 पासूनचं भारतीय रेस्टॉरंट, स्वातंत्र्यचळवळीतले ए. एम. नायर यांनी काढलेलं. प्रसिद्ध पदार्थ तिथला कोंबडीचा, शाकाहारी असाल तर मेन्यू बघून जा. टोकियो स्टेशनच्या गेटच्या आत 'टीज तानतान' पूर्ण व्हीगन रामेन देतं.

पोळी-भाजी, मॅगी, डाळ-तांदूळ, आपला मसाला हवा तर निशी-कासाई. भारतीयांची वस्ती, त्यात मराठी माणसंही पुष्कळ. 2019 मध्ये तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. गिंझाहून गिंझा लाइनने निहोम्बाशी (दोन स्टेशनं), तिथून तोझाई लाइन. लोकल पकडा, रॅपिड निशी-कासाईला थांबत नाही.

वरणफळ
आभार. नाश्ता रद्द. मग छोटा इलेक्ट्रिक कुकर नेला तर? खिचडी होईल.

कोपऱ्यातली_खुर्ची
नेऊ नका. पहिलं कारण, खोलीत स्वयंपाकाला बंदी असते आणि छताला धुराचा सेन्सर. उदबत्तीनेही वाजू शकतो, शिवाय धूम्रपान-बंदीच्या खोलीत वास राहिला तर सफाईचा दंड लावतात.

दुसरं कारण भौतिकशास्त्र. जपानात 100 व्होल्ट, आपल्याकडे 230. तापवणाऱ्या उपकरणाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: 100 भागिले 230, त्याचा वर्ग, साधारण 0.19. तुमचा 1000 वॅटचा कुकर तिथे 190 वॅटचा होतो. खिचडी भिजेल, शिजणार नाही. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, पाण्याचा रॉड, सगळ्यांचं हेच. फोन-लॅपटॉपचे चार्जर 100-240 चे असतात, ते चालतात, फक्त पिन चपट्या दोन लागतात. जाड तीन पिनांचा लॅपटॉप प्लग असेल तर तीन-ते-दोन अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या.

खोलीत किटली असते. उकळत्या पाण्यावर होणारे पोहे-उपमा न्या. चहाच्या पुड्या हिरव्या चहाच्या, दूध-साखरेची सोय आपली. फ्रीज थंड होत नसेल तर बंद असतो, आत किंवा बाजूला बटण आहे.

रेवदंडा
ऑक्टोबरात जाणाऱ्यांसाठी. बऱ्याच जुन्या इमारतींत एसीची एकच पाइपलाइन असते, तिच्यातून एक तर गार पाणी जातं किंवा गरम. हॉटेल ऋतू बदलला की सगळ्या इमारतीचं बटण एकदाच फिरवतं. त्यानंतर खोलीत 18 लावलं तरी गार हवा येत नाही, फक्त पंखा फिरतो. खिडक्या उघडत नाहीत. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बुकिंगआधी विचारा की प्रत्येक खोलीत कूलिंग आणि हीटिंग स्वतंत्र आहे का. नसेल तर टेबलफॅन मागा, देतात.

आणखी एक: दात घासायचा ब्रश, कंगवा, रेझर खोलीत नसतील तर लॉबीत रॅक असतो, तिथून घ्यायचे. 2022 च्या प्लास्टिक कायद्यानंतर हे बदललं. सफाईही रोज होईलच असं नाही. टॉवेल हवे तर दारावर पिशवी अडकवतात किंवा पाटी लावावी लागते, ती नाही लावली की कोणी येत नाही.

खिडकीची_जागा
बॅगांचं राहिलं. गिंझाहून पुढे क्योतोला जाणार असाल तर बॅगा शिंकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) ओढू नका, हॉटेलच्या काउंटरवरून ताक्युबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेने पाठवा. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटर आणि 25 किलोपर्यंत एक वर्ग, त्यावर 200 पर्यंत 30 किलो. एका बॅगेचे साधारण 2 ते 4 हजार येन. दुसऱ्या दिवशी पोचते. स्लिपवर पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन, बुकिंग ज्या नावावर आहे तेच नाव आणि चेक-इनची तारीख. नाव घरच्या हाकेचं लिहिलं तर बॅग तिथे पडून राहते आणि काउंटरला ती कोणाची ते कळत नाही. काउंटरवर सकाळीच द्या, दिवसाची वेळमर्यादा प्रत्येक हॉटेलची वेगळी. पासपोर्ट आणि रोकड आत नको. एका रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत. विमानतळावर पाठवायची तर दोन दिवस आधी.

गाडीतच न्यायची असेल तर तिन्ही मापांची बेरीज 160 च्या वर गेली की बॅगेची जागा असलेली सीट आरक्षित करावी लागते. त्याला जादा पैसे नाहीत, पण आरक्षण न करता आलात तर 1,000 येन. 250 च्या वर गाडीत घेतच नाहीत.

रेवदंडा
खरेदीचं हॉटेलशी नातं आहे म्हणून इथेच. 31 ऑक्टोबर 2026 पर्यंत एका दुकानात एका दिवसात करपूर्व 5,000 येनपासून कर दुकानातच वजा होतो. पण खाऊ आणि सौंदर्यप्रसाधनं सीलबंद पिशवीत देतात. ती हॉटेलात फोडून खाल्लीत तर नियम मोडला. रात्री खोलीत खायचा माल वेगळ्या बिलावर, कर भरून घ्या. 1 नोव्हेंबर 2026 पासून पद्धत बदलते: दुकानात कर भरायचा, निघताना विमानतळावर कस्टम्सला माल दाखवून परत घ्यायचा. तेव्हा घेतलेला माल चेक-इनच्या बॅगेत आधीच कोंबू नका.

मित्सुकोशी आणि मात्सुया या मोठ्या दुकानांच्या तळघरात संध्याकाळी सातनंतर तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागतात, दोन्ही आठच्या सुमारास बंद.

अर्धाकप
बुकिंगला सगळे पैसे भरले असतानाही काउंटरवर 'टॅक्स' मागतात, तो काय? दोघांची खोली, करपूर्व 28,000, तीन रात्री.

कोपऱ्यातली_खुर्ची
टोकियोचा निवास कर. माणशी-रात्री भाडं धरतात, नाश्ता आणि 10 टक्के उपभोग कर वगळून. 10,000 च्या खाली शून्य, 10,000 ते 15,000 च्या आत 100 येन, 15,000 आणि वर 200. तुमचं माणशी 14,000, म्हणजे 100. दोन माणसं, तीन रात्री: 600 येन. तीच खोली एकट्याने घेतली तर 28,000 एका डोक्यावर, दर 200, तीन रात्रींचे पुन्हा 600च. ओसाका आणि क्योतोचे दर निराळे, क्योतोत मार्च 2026 पासून बरेच चढे. कार्डाच्या यंत्रावर रुपये की येन विचारलं तर येन. रुपये निवडले की रूपांतराचा दर त्यांचा लागतो.

वरणफळ
शेवटचा प्रश्न. शुक्रवारी जेवण उरकून रात्री साडेदहाला हॉटेलला परत, मूल झोपलेलं. गिंझात टॅक्सीला हात केला तर थांबेल ना?

शून्य_सामान
नाही थांबणार. कामाच्या दिवशी रात्री 10 ते 1 गिंझाच्या दक्षिणेकडच्या भागात, 5 ते 8 चोमेच्या आसपास, टॅक्सी फक्त ठरलेल्या स्टँडवरच बसवते. रिकामी गाडी समोरून जाईल आणि ड्रायव्हर हाताने खूण करेल. रेस्टॉरंटमधून निघण्याआधी जवळचा स्टँड विचारून घ्या आणि रांगेत उभे राहा. मागचं डावं दार ड्रायव्हर आतून उघडतो आणि बंद करतो, तुम्ही ओढू नका.